पाणी परत आलें; माणसांचें काय?

एखाद्या शहराची ओळख त्याच्या राजवाड्यांवरून करून घ्यावी, कीं त्याच्या सांडपाण्यावरून, असा प्रश्न कोणीं केला तर बहुतेक लोक हंसतील. आमच्या मतें मात्र दुसरी कसोटीच अधिक खरी. राजवाडा पाहुण्यांस दाखविण्याकरितां बांधलेला असतो. ओढा दाखविण्यास कोणी नेत नाहीं. शहरानें आपली घाण कोठें टाकली, ती कोणाच्या दारावरून वाहूं दिली, आणि पुढें तिची लाज वाटूं लागली तेव्हां ती धुऊन काढली कीं नुसती झांकून ठेविली, यावरून त्या शहराचा स्वभाव ओळखतां येतो. दक्षिण कोरियाची राजधानी सेऊल येथें कांहीं दिवस राहण्याचा योग आम्हांस नुकताच आला. तेथील राजवाडे आम्हीं पाहिले. परंतु मनांत घर करून राहिला तो शहराच्या मध्यभागीं वाहणारा एक जुना कालवा. त्याच्या कांठानें एक संपूर्ण दिवस चालत असतां जे विचार सुचले, ते आमच्या विद्यार्थी-वाचकांपुढें मांडण्याचें आम्हीं योजिलें आहे.

या कालव्याचें नांव चॉन्ग्येचॉन. सेऊलच्या वायव्येकडील डोंगरांतून येणारें पाणी घेऊन तो शहराच्या मधून पूर्वेकडे जातो, जुंगनांग नांवाच्या ओढ्यास मिळतो व त्याच्यासह हान नदींत शिरतो. मुळांत हा निसर्गाचाच ओढा. वर्षाचे बरेच महिने कोरडा, आणि पावसाळ्यांत कांठावरील घरें बुडविणारा. जोसन राजघराण्यानें १३९४ सालीं येथें राजधानी आणल्यावर त्यास वळण लावणें भाग पडलें. राजा तेजोंग यानें १४१२ सालीं ५२ हजारांहून अधिक मजूर लावून त्याचें पात्र खोदविलें, रुंद केलें व कांठ बांधून काढले. तेव्हांपासून त्यास 'गेचॉन', म्हणजे खोदून मोकळा केलेला प्रवाह, असें म्हणूं लागले. हल्लींच्या नांवाचा अर्थ 'स्वच्छ खोऱ्यांतील ओढा' असा आहे. तें विसाव्या शतकांत जपानी अमलाच्या वेळीं रूढ झालें, आणि तेव्हां त्यांतलें पाणी स्वच्छ मुळींच नव्हतें! एखाद्या गोष्टीस चांगलें नांव दिलें कीं आपलें कर्तव्य संपलें, असें समजण्याची माणसाची खोड जुनीच आहे.

तेजोंगचा पुत्र राजा सेजोंग हा कोरियन लिपीचा जनक म्हणून प्रसिद्ध आहे. त्याच्या दरबारांत या पाण्यावरून एक वाद झाला. एका पक्षाचें म्हणणें असें कीं, राजधानीच्या भूमीचें मांगल्य राखावयाचें असेल तर या प्रवाहांत केरकचरा टाकण्यास बंदी करावी. दुसऱ्या पक्षानें उत्तर दिलें कीं, जेथें माणसें दाटीनें राहतात तेथें घाण होणारच. ती वाहून नेण्यास एक रुंद वाट असलीच पाहिजे. राजानें दुसऱ्या पक्षाचें ऐकलें. निर्णय व्यवहाराचा होता. परंतु ज्यांस दुसरीकडे जागा मिळत नाहीं अशा माणसांचा आणि शहराच्या घाणीचा शेजार पुढें या कांठावर जडला, हेंहि विसरतां येत नाहीं.

आम्ही चालण्यास प्रारंभ केला तो पश्चिम टोंकाच्या चौकांतून. तेथें शंखाच्या आकाराचें, २० मीटर उंचीचें एक रंगीत शिल्प उभें आहे. जवळच पाणी धबधब्यासारखें खालीं कोसळतें व रस्त्याच्या पातळीहून बरेंच खालीं असलेल्या दगडी पात्रांतून वाहूं लागतें. पायऱ्या उतरून आम्ही खालीं गेलों, आणि वरच्या मोटारींचा कलकलाट कोणी दार लोटून घ्यावें तसा एकाएकीं मंद झाला. कचेऱ्यांतील मंडळी जोडे काढून पाण्यांत पाय सोडून बसली होती. शाळेचीं मुलें पात्रांत मांडलेल्या दगडांवरून उड्या मारीत पलीकडे जात होतीं. एक वृद्ध गृहस्थ माशांकडे टक लावून उभे होते, व त्यांचा नातू त्यांचा हात ओढून थकला होता. एका गजबजलेल्या राजधानीच्या ऐन पोटांत इतकी स्वस्थता आम्हीं पूर्वीं कोठें पाहिली नव्हती.

थोडें पुढें ग्वांगतोंग्यो नांवाचा जुना दगडी पूल लागतो. मूळ जागेपासून थोडा वर सरकवून तो पुन्हां उभा केलेला आहे. त्याच्या बाजूच्या भिंतींतील दगडांवर सुबक नक्षी आहे. पण नीट पाहिलें असतां त्यांतील कांहीं दगड उलटे बसविलेले दिसतात. त्याची कथा अशी. राजा तेजोंगचें आपल्या सावत्र आईशीं हाडवैर होतें. ती मेल्यावर त्यानें तिचें थडगें शहराबाहेर हलविलें, आणि १४१० सालीं पूल पुरानें वाहून गेला तेव्हां त्या थडग्याचे दगड येथें लाविले. येणाऱ्या-जाणाऱ्यानें त्यांवर पाय देऊन जावें, हा त्याचा हेतु असल्याचें सांगतात. लोकांच्या सोयीसाठीं म्हणून केलेल्या कामांतहि करणाराच्या मनांतील राग-लोभ कसा चिणला जातो, हें त्या उलट्या दगडांकडे पाहून आम्हांस उमगलें.

याच पुलाशीं दुसऱ्या एका राजाची आठवण निगडित आहे, आणि ती अधिक गोड आहे. अठराव्या शतकांत डोंगरांवरील झाडें तुटल्यामुळें माती वाहून येऊन सारें पात्र भरून गेलें, व थोड्या पावसानेंहि पाणी घरांत शिरूं लागलें. तेव्हां राजा योंगजो स्वतः या पुलापाशीं आला, आणि कांठच्या रहिवाशांस बोलावून गाळ काढण्याविषयीं त्यानें त्यांचें मत विचारलें. पुढें १७६० सालीं ५७ दिवस उपसणीचें काम चाललें. सुमारें २ लक्ष माणसें त्यावर राबलीं, व त्यांतील सुमारें ५० हजार रोजमजुरीवर घेतलेलीं होतीं. पोटासाठीं राजधानींत आलेल्या दरिद्री लोकांस त्यामुळें चार पैसे मिळाले. लोकांस विचारणें आणि लोकांस काम देणें, या दोन गोष्टी अडीचशें वर्षांपूर्वींच्या एका राजास सुचल्या होत्या, हें वाचकांनीं ध्यानांत ठेवावें. पुढें आम्हांस त्याचा उपयोग करावयाचा आहे.

१९५० ते १९५३ या काळांतील कोरियन युद्धानंतर निराश्रित झालेल्या लोकांनीं या कांठावर फळ्या व पत्रे जोडून झोंपड्या उभारल्या. खालीं खांब पाण्यांत आणि वर घर, अशी स्थिति होती. शहराचें सारें सांडपाणी त्याच पात्रांत येई. अखेर १९५८ सालीं तें काँक्रीटनें झांकण्यास आरंभ झाला. पुढें त्या झांकणावर खांब उभे करून १६ मीटर रुंदीचा एक अधांतरीं रस्ता बांधण्यांत आला, व तो १९७१ सालीं पुरा झाला. त्या काळीं हा रस्ता म्हणजे राष्ट्राच्या उत्कर्षाची खूण मानीत. आम्ही त्या पिढीस हंसत नाहीं. युद्धानें उद्ध्वस्त झालेल्या देशास धुरांडें आणि मोटार हींच आशेचीं चिन्हें वाटलीं, तर त्यांत नवल तें काय? परंतु झांकलेली वस्तु नाहींशी होत नाहीं. खालचें सांडपाणी वाहतच राहिलें, वरचें लोखंड व काँक्रीट खराब होऊं लागलें, आणि १९९७ पासून त्या रस्त्यावर जड वाहनांस बंदी करावी लागली.

२००२ सालीं ली म्युंग-बाक यांनीं महापौरपदाची निवडणूक लढविली, ती हा रस्ता पाडून खालचें पाणी उघडें करण्याचें वचन देऊन. ते निवडून आले. १ जुलै २००३ रोजीं काम सुरू झालें, आणि १ ऑक्टोबर २००५ रोजीं सुमारें ५.८ किलोमीटर लांबीचा प्रवाह व त्यावरील २२ पूल लोकांस खुले झाले. ज्या मार्गानें दररोज सुमारें १ लक्ष ६८ हजार वाहनें जात होतीं तो नाहींसा झाल्यावर शहराची वाहतूक गुदमरून जाईल, असें भाकीत पुष्कळांनीं केलें होतें. तें खोटें ठरलें. बसगाड्यांची व्यवस्था सुधारण्यांत आली, आणि लोकांनीं आपल्या वाटा व संवयी बदलल्या. उन्हाळ्यांत कांठावरची हवा जवळच्याच समांतर रस्त्यावरील हवेहून ३ ते ६ अंशांनीं थंड असल्याचें मोजणींत आढळलें. माशांच्या ४ जाती होत्या त्या कांहीं वर्षांत २५ झाल्या. पक्ष्यांच्या जाती ६ वरून ३६ वर गेल्या. जेथें चाळीस वर्षें ऊन पडलें नव्हतें तेथें आज बगळे उभे राहतात. आपली चूक कबूल करून ती इतक्या उघडपणें दुरुस्त करणारें शहर पाहून आमचें मन आदरानें भरून आलें, हें आम्ही प्रथमच सांगतों.

या कामावर आक्षेपहि पुष्कळ झाले आहेत. येथें वाहणारें पाणी बहुतांशीं ओढ्याचें नव्हेच. दररोज सुमारें १ लक्ष २० हजार टन पाणी हान नदींतून आणि भुयारी रेल्वेच्या स्थानकांत झिरपणाऱ्या पाण्यांतून पंपानें आणून येथें सोडावें लागतें. पंप थांबले तर ओढाहि थांबेल. मोठा पाऊस झाला कीं दोन्ही बाजूंच्या गटारांचीं दारें उघडतात, मैलापाणी पात्रांत शिरतें, आणि लोकांस घाईनें बाहेर काढावें लागतें. पाण्याची उंची मोजण्याचा खांब ज्याच्यापाशीं होता तो सुप्योग्यो नांवाचा पूल १९५९ सालीं उचलला गेला, तो आजहि दूरच्या एका बागेंतच आहे. कोरियाच्या विख्यात कादंबरीकर्त्री पाक क्योंग-नी यांनीं आरंभीं या योजनेचा कैवार घेतला होता. परंतु प्रत्यक्ष काम पाहून २००४ सालीं त्यांनीं वर्तमानपत्रांतून खेद प्रकट केला. पूर्वस्थिति आणण्याच्या नांवाखालीं नुसती नवी बांधणीच चालली आहे, असा त्यांचा आशय होता.

हे आक्षेप खरे आहेत. तरी आम्ही त्यांस फार मोठें मानीत नाहीं. पंपानें आणलेलें झालें तरी तें पाणीच, आणि लहान मुलास त्यांत पाय बुडवितां येतो. पूल थोडा सरकला म्हणून कोणाचें पोट मारलें जात नाहीं. आमचा आक्षेप निराळा आहे, आणि तो आम्हांस दुपारीं, पूर्वेकडचा रस्ता चालत असतां सुचला.

त्या बाजूस कांठाला लागून तयार कपड्यांचा एक मोठा बाजार आहे. त्याचें नांव प्योंगह्वा, म्हणजे शांतीचा बाजार. त्याच्या समोरील पुलावर कमरेपासून वर दिसणारा एका तरुणाचा धातूचा पुतळा आहे. भोंवतींच्या फरशीवर लहान लहान अक्षरांत शेंकडों लोकांचे शब्द कोरलेले आहेत. हा जॉन तेइल. कपडे बेतणारा एक गरीब कारागीर. १९६० नंतरच्या दशकांत या बाजाराच्या माळ्यांवर तेरा-चौदा वर्षांच्या मुली दिवसाचे चौदा-चौदा तास शिवणकाम करीत. खोल्या इतक्या ठेंगण्या, कीं मोठ्या माणसास ताठ उभें राहतां येत नसे. तेइल आपल्या बसभाड्याच्या पैशांतून त्या मुलींस खाऊ आणी, आणि रात्रीं स्वतः पायीं घरीं जाई. श्रमिकांच्या रक्षणाचा कायदा देशांत आहे, असें त्यास कळलें, तेव्हां त्यानें अर्ज केले, पाहणी करून आंकडे जमविले, कचेऱ्यांचे उंबरठे झिजविले. कोणींहि दाद दिली नाहीं. १३ नोव्हेंबर १९७० रोजीं त्या कायद्याच्या पुस्तकासह त्यानें आपला देह अग्नीच्या स्वाधीन केला. तो अवघा २२ वर्षांचा होता. प्राण हा मोलाचा आहे, आणि त्याच्या त्या अखेरच्या कृत्याचें आम्ही समर्थन करीत नाहीं. परंतु एका चांगल्या तरुणास दुसरा मार्गच दिसूं नये, असा समाज ज्यांनीं चालविला त्यांस दोष दिल्यावांचून आमच्यानें राहवत नाहीं. दोनच आठवड्यांनीं त्या बाजारांतील शिवणकाम करणारांचा संघ स्थापन झाला, आणि तेइलची माता ली सो-सन हिनें २०११ सालीं मरेपर्यंत श्रमिकांची सेवा केली.

त्या पुतळ्यापाशीं उभे असतां आम्हांस दिसूं लागलें कीं, या कालव्याचा इतिहास जितका पाण्याचा आहे तितकाच उठविलेल्या माणसांचाहि आहे. पात्र झांकलें व रस्ता बांधला तेव्हां कांठावरील झोंपड्यांतील कुटुंबें शहराबाहेर, हल्लीं जेथें सोंगनाम शहर आहे तेथें, नेऊन सोडण्यांत आलीं. तेथें ना धड रस्ता होता, ना पाणी, ना काम. १९७१ सालच्या ऑगस्ट महिन्यांत त्या लोकांनीं उठाव केला, तेव्हां कोठें सरकारचें लक्ष त्यांच्याकडे गेलें. पुढें रस्ता पाडून पात्र उघडें केलें तेव्हां पुन्हां तेंच. रस्त्याच्या सावलींत जुन्या वस्तु विकणारे शेंकडों फेरीवाले होते. त्यांस प्रथम तोंगदेमुन येथील क्रीडांगणांत बसविलें. तेंहि क्रीडांगण पाडून तेथें एक भव्य कलामंदिर उभारण्याचें ठरलें, तेव्हां २००८ सालीं त्यांस पुन्हां दुसरीकडे हलविलें. दुकानदार व लहान कारागीर यांच्यासाठीं शहराच्या दक्षिण टोंकास एक प्रचंड व्यापारी संकुल बांधण्यांत आलें व २०१० सालीं तें उघडलें; परंतु तेथील गाळ्यांची किंमत पाहून थोडेच लोक तिकडे गेले. नगरपालिकेनें व्यापाऱ्यांबरोबर हजारों बैठकी घेतल्या होत्या, हें खरें, आणि तें तिला भूषणावह आहे. पण ज्यांच्यापाशीं दुकान नव्हतें, केवळ एक सतरंजी होती, त्यांचा शब्द बैठकींत किती वजनाचा ठरणार?

सायंकाळीं आम्ही खालच्या टोंकापाशीं पोहोंचलों. तेथें पाण्यांत पूर्वींच्या रस्त्याचे तीन खांब मुद्दाम तसेच ठेविले आहेत, कीं येथें काय होतें हें पुढील पिढ्यांस कळावें. ही कल्पना आम्हांस फार आवडली. पुढें या कालव्याचें वस्तुसंग्रहालय आहे. त्याच्या समोर जुन्या झोंपड्यांचा एक हुबेहूब नमुना करून ठेविला होता. लोक आंत जात होते, हंसत होते, छायाचित्रें घेत होते. तेथें मात्र आम्ही अडखळलों. झोंपडीचा नमुना जपणारें शहर झोंपडींतल्या माणसाचा पत्ता कां जपूं शकलें नाहीं? खांबांची आठवण ठेवणें सोपें, कारण खांब कांहीं मागत नाहींत.

यावर कोणी म्हणेल, "कोणास तरी हलविल्यावांचून सार्वजनिक काम होतच नाहीं. थोड्यांनीं सोसलें म्हणून लाखोंस ही थंड हवा मिळाली." हें म्हणणें आम्ही सरसकट खोडून काढीत नाहीं. ओढ्याच्या पात्रांत राहणें हें कोणाच्याहि हिताचें नाहीं. पुराच्या रात्रीं प्रथम तींच घरें जातात. आमचा प्रश्न इतकाच कीं, सोसण्याची पाळी प्रत्येक वेळीं त्याच थोड्यांवर कां यावी? झांकतांना तेच उठले, उघडतांनाहि तेच उठले. ज्या कामाचा लाभ सर्वांस होतो त्याची किंमत सर्वांनीं वांटून घ्यावी, हा न्याय आहे. ती एकाच दारांतून वसूल करणें हा अन्याय आहे, मग पाणी कितीहि निर्मळ असो. आणि दुसरा मार्ग अशक्य होता, असेंहि नाहीं. योंगजो राजानें आधीं विचारलें, आणि मग त्याच दरिद्री लोकांच्या हातांत मजुरी ठेवून तेंच पात्र स्वच्छ करविलें. एकविसाव्या शतकांतील लोकसत्ताक नगरानें अठराव्या शतकांतील एकतंत्री राजाहून एक पाऊल तरी पुढें असावें, ही अपेक्षा फार मोठी आहे काय?

आमच्या विद्यार्थ्यांपैकीं कांहीं पुढें स्थापत्यशास्त्र शिकतील, कांहीं नगरपालिकेच्या सभेंत बसतील, कांहीं वर्तमानपत्रांत लिहितील. कोणत्या ना कोणत्या गांवचा झांकलेला किंवा बुजलेला ओढा त्यांच्यापुढें प्रश्न म्हणून येईलच. तेव्हां त्यांनीं सेऊलपासून दोन धडे घ्यावे. पहिला हा कीं, जें झांकलें तें उघडतां येतें. चाळीस वर्षांची चूक सव्वादोन वर्षांत सुधारतां येते, त्यासाठीं धैर्य मात्र लागतें. दुसरा हा कीं, नकाशावर पाण्याची निळी रेघ काढण्यापूर्वीं त्या कांठावर कोण राहतें, काय विकतें, आणि उद्यां कोठें जाणार, हें लिहून काढावें. आणि तें लिहिल्यावांचून पहिली कुदळ मारूं नये.

परततांना अंधार पडला होता. पुलांखालीं दिवे लागले होते, आणि पाण्याकांठीं बसलेल्या मंडळींचें बोलणें हलक्या स्वरांत चाललें होतें. शहरानें तें स्थळ खरोखर सुंदर केलें आहे. तें पाहून आनंद न होईल असा मनुष्य विरळा. आमचीहि तक्रार त्या सौंदर्याविरुद्ध नाहीं. ज्या शहरानें मेलेलें पाणी वाहतें केलें, त्यास उठविलेल्या माणसांसाठीं जागा करणें अवघड नसावें. तेंहि काम त्याच्या हातून होवो. मगच त्या ओढ्यास त्याचें स्वच्छ नांव पूर्णपणें शोभेल.